‘माजी आमदार’ नेमके कोण?

कळव्याच्या एका वाचकांची शंका अशी : त्यांच्या भागातील एक नेते आधी नगरसेवक होते, मग विधानसभेवर निवडून आले, पुढच्या निवडणुकीत पडले आणि आता विधान परिषदेवर आहेत, तर गौरवग्रंथातील परिचयात त्यांना ‘माजी आमदार’ म्हणावे काय? मुळीच म्हणू नये. विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 अशा दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना मराठीत आमदारच म्हणतात. तेव्हा हे गृहस्थ विधानसभेचे माजी सदस्य असले तरी आमदार म्हणून विद्यमान आहेत. ठाण्याचे महापौरपद भूषवलेले वसंत डावखरे परिषदेचेच आमदार होते आणि तेथे उपसभापतीही झाले.

‘माजी’चा खरा छळ निराळाच आहे. मनोहर जोशी 1996 साली मुख्यमंत्रिपदावर होते, तरीही ‘1996 साली माजी मुख्यमंत्री जोशी यांनी निर्णय घेतला’ अशा धर्तीची वाक्ये स्मरणिकांत आणि सूत्रसंचालनात सर्रास आढळतात. येथे ‘तत्कालीन’ हवे. आज माजी असलेला माणूस त्या दिवशी माजी नव्हता, एवढे भान लिहिणाऱ्याने ठेवलेच पाहिजे.

‘माजी’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा अर्थ सरलेला, होऊन गेलेला. उर्दूत भूतकाळालाही माजीच म्हणतात. पण खरी गंमत ‘आजी-माजी आमदार’ या जोडीत आहे. यातील ‘आजी’ हा ‘माजी’च्या नादाने आलेला निरर्थक शब्द आहे, असे सांगणारे अभ्यासक आहेत आणि मला ते साफ अमान्य आहे. मराठीत नादानुकारी शब्द सहसा मागून येतो, जसे जेवणबिवण, भाजीबिजी. येथे तर ‘आजी’ पुढे उभा आहे आणि त्याला ‘सध्याचा’ असा स्वतःचा अर्थही आहे. संस्कृत ‘अद्य’, प्राकृत ‘अज्ज’, मराठी ‘आज’ ही परंपरा सरळ आहे, आणि संतांच्या अभंगांत ‘आजि’ हे रूप ठायी ठायी भेटते. अरबी ‘माजी’शेजारी जुळणारा नाद आपल्याच घरात सापडला म्हणून ही जोडी जमली, असे माझे ठाम मत आहे.

‘माजी’ परका म्हणून ‘भूतपूर्व’ लिहा, असा आग्रह धरणाऱ्यांनी पाणिनी उघडून पाहावा. ‘भूतपूर्वे चरट्’ या सूत्राने या अर्थासाठी एक प्रत्ययच दिला आहे. ‘आढ्यचर’ म्हणजे एके काळी धनाढ्य असलेला. संस्कृतच हवे, तर हा नेमका प्रत्यय सोडून चार अक्षरी विशेषणासाठी हट्ट कशाला? ‘माजी’ कोर्टकचेरीपासून कट्ट्यापर्यंत सर्वांना कळतो, तो खुशाल वापरावा. मात्र कळव्याच्या त्या नेत्यांच्या परिचयात ‘माजी नगरसेवक, माजी विधानसभा सदस्य आणि विधान परिषदेचे विद्यमान आमदार’ असेच छापावे.