‘लागमन’ आणि मन लागणे

प्रश्न : उझ्बेकी हॉटेलात ‘लगमन’ नावाच्या शेवया मिळतात. स्वीडनच्या ‘लागमन’ या न्यायाधीशाशी त्यांचा संबंध आहे का?

नाही. तो शब्द चिनीकडून आला.

प्रश्न : ‘न्यायात ज्याचे मन लागते तो लागमन’, म्हणजे शब्द मूळचा आपलाच, असा संदेश आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरे का?

महिन्यातून एकदा तरी हा संदेश माझ्याकडे येतो. खोटा आहे. शब्दाचे मूळ कानाने शोधू नये. आधी त्याचे सर्वांत जुने लिखित रूप पाहावे, मग सख्ख्या भाषा पाहाव्यात. स्वीडिशमध्ये ‘लाग’ म्हणजे कायदा, मुळात ‘घालून दिलेले’. ‘ठेवणे’ या अर्थाचे तिथले क्रियापद त्याच घरातले. इंग्रजीतला ‘लॉ’सुद्धा व्हायकिंगांकडूनच गेला. ‘मन’ म्हणजे माणूस. झाला कायद्याचा माणूस! या ‘मन’चे आपल्या ‘मनु’शी दूरचे नाते आहे, पण चुलत भावाला कोणी बाप म्हणत नाही.

कायदे लिहिलेले नसत तेव्हा लागमन ते तोंडपाठ ठेवी आणि ‘तिंग’ या लोकांच्या सभेत म्हणून दाखवी. त्याच्या अधिकारक्षेत्राचे नावच ‘लागसागा’, आणि त्यातला ‘सागा’ सांगण्यातून आलेला. (इथे ‘सांगा’ आठवले ना? तोही मोह आवरा.) तेराव्या शतकात कायदे लेखी होऊ लागले. १२९६चा उपलांड प्रांताचा कायदा सिद्ध करणाऱ्यांचा प्रमुख बिर्गर पेर्शोन, तोही लागमनच. एवढे सगळे हाताशी असताना मन कुठे लावायचे ते तुम्हीच ठरवा. तरी शंका उरलीच, तर ग्रुपवर नको, स्वीडिश अकादमीच्या मोठ्या कोशात पाहा किंवा विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञाला गाठा.

प्रश्न : जावयाचे आडनाव लागमन. एक वेबसाइट घराण्याचे राजचिन्ह फ्रेम करून देते. घ्यावे का?

भिंतीला शोभा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. आडनावावरून पूर्वज न्यायाधीश ठरत नाही. चर्चच्या जुन्या नोंदवह्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जाणकार वंशावळ-संशोधकाला विचारा.

प्रश्न : मुलाला स्वीडनच्या कोर्टाचा निकाल आलाय, खाली ‘लागमन’ अशी सही. मराठीत काय म्हणू? पत्र येऊन दोन आठवडे झाले.

आजचा लागमन म्हणजे जिल्हा न्यायालयाचा प्रमुख न्यायाधीश. पण दोन आठवडे तुम्ही शब्दार्थ शोधत बसलात? तिथे अपिलाची मुदत सहसा तीन आठवड्यांची, तीही निकालाच्या तारखेपासून. आज वकील गाठा. भाषांतर अधिकृत अनुवादकाकडून घ्या, माझ्याकडून नको.