मुलगा शाळेत इतर मुलांना ढकलतो, मारतो. रोज तक्रार येते. नोकरी सांभाळून काय करता येईल?

ताई, मुलगा पहिलीत आहे, डायरीत रोज लाल शेरा येतो आणि घरचे म्हणतात, "दोन धपाटे दे, सरळ होईल," असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं सांगलीत गणपती पेठेत किराणा दुकान आहे, बायको मिरजेला दवाखान्यात स्टाफ नर्स. त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती आणि कृष्णेचं पाणी चढत होतं. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. २०१९ चा पूर पाहिल्यापासून पाणी ३५ च्या पुढं गेलं की मी साखरेची पोती माडीवर चढवायला लागतो. त्यातच सोमवारी शाळेतून फोन आला. मुलानं एकाला ढकललं, त्या पोराचा ओठ फुटला, या म्हणाले.

त्या रात्री मी जे केलं ते तुम्ही करू नका. जेवताना दहा वेळा विचारलं, "का ढकललंस?" तो भात चिवडत बसला, शेवटी "मला माहीत नाही" म्हणाला आणि मी आवाज चढवला. त्याला खरंच माहीत नव्हतं. सकाळी साडेदहाला घडलेल्या गोष्टीचं कारण सहा वर्षांचं पोर रात्री आठला कुठून सांगणार?

मंगळवारी शाळा सुटल्यावर बाईंकडं दहा मिनिटं मागितली. त्याही कावलेल्या होत्या. वर्गात चाळीसच्या वर मुलं. दुकानातली उधारीची छोटी वही नेली होती, तिच्यात रकाने आखून दिले: किती वाजता, आधी काय चाललं होतं, यानं काय केलं, मग काय झालं. म्हटलं, बाई, 'दंगा केला' एवढंच नको, डोळ्यांना दिसलं तेवढं दोन ओळींत लिहा. आणि दिवसातली एखादी चांगली गोष्टही लिहा, म्हणजे घरी गेल्यावर त्याच्याशी बोलायला काहीतरी असेल.

गुरुवारी रात्री दुकान बंद करून वही उघडली. चार नोंदी. त्यातल्या तीन डब्याच्या सुट्टीआधीच्या, हात धुवायच्या नळापाशी. पावसामुळं मैदान बंद, पहिली-दुसरीची सगळी मुलं एका व्हरांड्यात. प्रत्येक वेळी कुणीतरी मागून येऊन खेटलं होतं. वर्गात बसलेला असताना एकही तक्रार नाही. माझा मुलगा मारकुटा झालाय असं मी तीन दिवस धरून चाललो होतो, आणि इथं सगळा प्रकार दहा मिनिटांचा आणि एका जागेचा निघाला.

शेवटच्या नोंदीखाली बाईंनी जाता जाता लिहिलं होतं, "मागून हाक मारली की वळत नाही." मला त्यात काही वाटलं नाही. बायकोला वाटलं. टीव्हीचा आवाज तो वाढवतो, हे तिच्या आधीच लक्षात आलं होतं.

शुक्रवारी रात्रपाळी संपवून, न झोपता, ती त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. मीही गेलो. कानाला हेडफोन लावला, पुढ्यात एक वाटी ठेवली. आवाज आला की ठोकळा वाटीत टाकायचा. मोठ्या आवाजाला टाकत होता. मग आवाज बारीक होत गेला आणि हा ठोकळा हातात धरून आमच्याकडं बघत बसला, आता कधी येईल म्हणून. तो चेहरा मी विसरणार नाही.

सारख्या सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं होतं. बहुतेक मुलांचं ते तीनेक महिन्यांत आपोआप कमी होतं, तोवर लक्ष ठेवा आणि पुन्हा तपासायला आणा, असं डॉक्टर म्हणाले. गलक्यात त्याला मागचं कुणी येताना कळतच नव्हतं. अंगावर कुणी आलं की दचकायचा आणि ढकलायचा.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं नाही. अपुरी झोप असेल, अभ्यास जमत नसेल, कुणी चिडवत असेल. पण कान आणि डोळे आधी तपासून घ्या. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, तपासणी मोफत असते. कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा. त्रास जास्त असेल तर मात्र त्यांची वाट बघत बसू नका.

पुढचं फार अवघड नव्हतं. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं आणि दोघा-तिघांबरोबर पाच मिनिटं आधी हात धुवायला सोडू लागल्या. घरी शनिवार-रविवार बेसिनपुढं रांग लावली. तो पुढं, आज्जी मागं. आज्जीनं हळूच खेटायचं आणि यानं मोठ्यानं म्हणायचं, "थांब, माझा नंबर आहे." वीसेक वेळा तरी झालं असेल. आज्जीचे गुडघे दुखायला लागले, पण ते वाक्य त्याच्या तोंडात बसलं. माझा हिशेब संपेपर्यंत तो अकरापर्यंत जागायचा, तेही बंद केलं. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते.

ज्याचा ओठ फुटला त्याच्या घरीही गेलो. त्याचे वडील चिडलेले होते, आणि ते बरोबरच होतं. मी माफी मागितली. मुलाला बळंच सॉरी म्हणायला लावलं नाही. त्यानं आपणहून स्वतःचा निळा खडू त्या पोराच्या हातात दिला.

आणि धपाट्यांचं म्हणाल तर, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. जे बाईंनी करायचं नाही ते आपण तरी का करायचं? ढकलू नको हे आपणच ढकलून शिकवलं तर पोरानं काय समजायचं?

पुढच्या आठवड्यात दोन वेळा पुन्हा तक्रार आली, त्यानंतरच्या आठवड्यात एकदा. दिवाळीपर्यंत बाई वहीत लिहीत होत्या. नोकरीचं विचारलंत म्हणून सांगतो, सगळं मिळून बाईंकडची दहा मिनिटं, दवाखान्यातली एक सकाळ आणि रोज रात्री वही वाचायला पाच मिनिटं, एवढाच वेळ गेला. तुम्ही उद्याच वही द्या आणि आठवड्यानं त्यातल्या वेळा इथं लिहा, मी नक्की वाचेन.