चेलो आणि पियानोच्या मैफलीला पहिल्यांदाच जातोय. कार्यक्रमात बीथोव्हेनचा ‘ओपस ६९’ सोनाटा आहे. पियानो म्हणजे साथच ना? आणि टाळ्या कधी वाजवायच्या?

पियानोला साथ समजून बसलात तर अर्धी मैफल हातची जाईल. माझं तसंच झालं होतं. चेलोवाला पुढे, पियानो त्याच्या मागे. आपण लगेच गायक आणि पेटीवाला असं चित्र मनात धरतो.

छापील प्रतीवर मात्र ‘पियानो आणि चेलोसाठी सोनाटा’ (सोनाटा म्हणजे काही भागांची वाद्यरचना) असं असायचं, पियानो आधी. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य, त्याच्याकडे पूर्वी बहुतेक वेळा खर्ज सांभाळायचंच काम असे. १७९६ मध्ये बीथोव्हेन बर्लिनला गेला, तिथला राजा स्वतः चेलो वाजवायचा. तेव्हा बीथोव्हेननं चेलोसाठीचे आपले पहिले दोन सोनाटे लिहिले आणि पियानोवर स्वतःच बसला. मग आपला भाग तो हात राखून कशाला लिहील? १८०८ च्या सुमाराच्या ‘ओपस ६९’ मध्ये, म्हणजे त्याच्या ६९ क्रमांकाच्या रचनेत मात्र दोघांची वाटणी अगदी सारखी आहे.

त्याची सुरुवात अजिबात चुकवू नका. चेलो एकटाच सुरू करतो, लय धरायलासुद्धा कुणी नाही. ओळ उतरत एका खालच्या स्वरावर येते, तो स्वर तो धरून ठेवतो आणि वाक्य पुरं करतो पियानो. मग पियानोची छोटीशी तान, जरा थांबणं, आणि लगेच अदलाबदल: तीच ओळ आता पियानोकडे, तान चेलोकडे. पहिल्या मिनिटाभरात हे सगळं होऊन जातं. जुगलबंदी म्हणा हवं तर, फक्त उपज नाही. स्वर न् स्वर लिहिलेला.

आजचा पियानो त्या काळच्या पियानोपेक्षा पुष्कळ दणकट आहे, म्हणून चेलो दबतोय का याकडे कान ठेवा. ब्राम्स या संगीतकाराचा एक किस्सा सांगतात: तो पियानो इतका बडवत होता की चेलोवाला ओरडला, मला माझाच चेलो ऐकू येत नाहीये. ब्राम्स म्हणाला, नशीबवान आहेस!

सुरुवातीला पियानोवाला एक स्वर देईल, चेलोवाला तारा लावून घेईल. चार तारा, शेजारच्या दोन तारांत सा-पचं अंतर. आपल्याकडे तंबोरे जुळेपर्यंत चहा होतो, इथे अर्ध्या मिनिटात उरकतं.

आता टाळ्या. सोनाट्याचे भाग असतात, त्यांना मूव्हमेंट म्हणतात, आणि मधे टाळ्या वाजवत नाहीत. मुंबईत पहिली मूव्हमेंट संपली आणि सवयीनं माझ्या तोंडून मोठ्यानं ‘वा!’ निघालं. पुढची अख्खी रांग वळली. चेलोवाला मात्र हसला, ते बरं वाटलं.

या सोनाट्यात आणखी एक फसगत आहे. दुसऱ्या मूव्हमेंटनंतर संथ, गाण्यासारखी सुरावट सुरू होते. आता निवांत ऐकू म्हणून तुम्ही खुर्चीत मागे टेकता, आणि १८ मात्राखंडांतच (‘बार’ म्हणतात ते, आपल्या आवर्तनांसारखे) ती संपून शेवटचा द्रुत भाग सुरू झालेला असतो. तो संपला, दोघं उठून उभे राहिले, की मनसोक्त वाजवा. पियानोवाल्याशेजारी पानं उलटायला बसलेला माणूस तेव्हाही बसूनच राहील, त्याला वादक समजू नका.

तिकीट अजून काढलं नसेल तर प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूचं घ्या, पियानोवाल्याची बोटं दिसतात.