वाचता येते, पण उमगत नाही

प्रश्न : सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. बहुतेक मुले न अडखळता धडा वाचतात, धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरेही बरोबर लिहितात. मात्र पुस्तक मिटून ‘काय घडले ते सांगा’ म्हटले की गप्प होतात. काय करावे?
— एक शिक्षिका, सत्तरी (गोवा)

उत्तर : धड्याखालची उत्तरे बरोबर आली म्हणजे धडा समजला, असे मानता येत नाही. ‘झिमलूने पाटकळीत दोन तुरफे रोवले’ हे वाक्य फळ्यावर लिहून ‘तुरफे कोणी रोवले?’ असे विचारून पाहावे. वर्ग अचूक उत्तर देईल, आणि तुरफा म्हणजे काय हे आपल्यालाही ठाऊक नसेल, मलाही नाही. प्रश्नातला शब्द धड्यात हुडकून ते वाक्य उतरवण्याची युक्ती मुले फार लवकर शिकतात.

असे प्रश्न आकलन तपासतात, शिकवत नाहीत. अमेरिकेतील वाचन-संशोधक डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात, चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या ४,४६९ मिनिटांपैकी आकलन शिकवण्यात जेमतेम २० मिनिटे गेली होती; बाकीचा बराच वेळ प्रश्नोत्तरांत आणि स्वाध्यायांत गेला. आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल, असे मला वाटत नाही.

म्हणून धडा संपेपर्यंत न थांबता मध्येच थांबावे आणि आपण स्वतः कसा अर्थ लावतो, ते मुलांसमोर मोठ्याने बोलून दाखवावे. समजा, धड्यात असे आहे : ‘रात्रभर वादळ घोंगावत होते. सकाळी आजोबा कुळागरातून परतले आणि काही न बोलता ओसरीवर बसले.’ इथे आपण म्हणावे, ‘आजोबा गप्प का, हे लिहिलेले नाही, पण वादळात कुळागरातल्या माडा-पोफळींचे काय होते ते मला माहीत आहे, म्हणून झाडे पडली असावीत असे मला वाटते. पुढे वाचून पाहू.’ सत्तरीतल्या मुलाला हा दुवा चटकन जुळवता येईल. तेच मूल बर्फाच्या धड्यापाशी अडेल, कारण तिथे जोडायला त्याच्याकडे काही नसते. अशा धड्याआधी दहा मिनिटे नुसत्या गप्पांना द्यावीत. काही दिवसांनी ‘पुढे काय होईल?’, ‘हे कशावरून म्हणतोस?’ असे प्रश्न मुलांनीच एकमेकांना विचारावेत आणि आपण मागे सरावे.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. मुलांच्या घरी कोंकणी बोलली जात असेल, तर गोष्ट आधी कोंकणीत सांगू द्यावी. ‘मागीर कितें जालें?’ (मग काय झाले?) या प्रश्नाला मूल भरभरून उत्तर देत असेल, तर धडा त्याला उमगला आहे आणि अडचण मराठीत मांडण्याची आहे. कोंकणीतही ते गप्पच राहिले, तर मात्र त्याच परिच्छेदाकडे पुन्हा वळावे लागेल.