एफडी मोडायची, पण कशासाठी?

उंब्रजच्या एका वाचकांचा प्रश्न: मुलगा बारावी सायन्स झाला, टक्के बेताचे. मामाबरोबर वायरिंगच्या कामाला जातो, त्यात रमतो. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत ऑटोमेशनचा वर्षाचा कोर्स आहे, फी २ लाख ८० हजार, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. राहण्याजेवणाचे महिना ९ हजार. घरखर्च महिना २२ हजार, शिल्लक म्हणजे ४ लाखांची एफडी. मोडू का?

नको. वर्षाचा हिशोब ३ लाख ८८ हजारांवर जातो आणि मागे उरतात बारा हजार, म्हणजे जेमतेम पंधरवड्याचा घरखर्च. त्यात कोणाला दवाखाना लागला तर? सहा महिन्यांचा खर्च, १ लाख ३२ हजार, बाजूला ठेवा. त्याला हात लावायचा नाही, मुलाच्या शिक्षणासाठीसुद्धा.

प्लेसमेंटचं आश्वासन मी हिशोबात धरतच नाही. संस्थेला एवढंच विचारा: सर्टिफिकेट कोण देणार? उत्तर ‘आमचीच संस्था’ असेल, तर त्या कागदावर सरकारी भरतीचा फॉर्मही भरता येणार नाही. बँकेतही जाऊन या. कौशल्य प्रशिक्षणासाठी विनातारण कर्जाची योजना आहे, पण ती मान्यताप्राप्त कोर्सलाच लागू होते. मॅनेजरने नकारार्थी मान हलवली की काय ते समजा.

तुमच्या घरापासून एसटीच्या पासवर कराड गाठता येतं. तिथे शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआयही आहे. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोनच वर्षं. पुढे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं दारही उघडं राहतं. गणित पेलत असेल तर माझं मत डिप्लोमाला. नसेल, तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, तोही दोन वर्षांचा. त्यानंतर अप्रेंटिसशिप, तिथे विद्यावेतन मिळतं. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हाच ट्रेड मागतात, हे मुलाच्या कानावर घाला. (मामांना विचाराल तर ते आयटीआयच म्हणतील.)

ऑटोमेशन वाईट नाही. पीएलसीचा, म्हणजे कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचा, काही महिन्यांचा कोर्स डिप्लोमा झाल्यावर करू दे, तेव्हा कंट्रोल पॅनेलसमोर उभं राहून काय चाललंय ते त्याला कळेल.

फीसाठी अडलंच तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढा, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तशी उचल घ्या. मोडली तर दंडाचं व्याज कापलं जातं. ओव्हरड्राफ्टला वापराल तेवढ्याच रकमेवर व्याज पडतं. डिप्लोमा आणि आयटीआय, दोन्ही प्रवेशांच्या तारखा वेगवेगळ्या असतात, तेव्हा दोन्हीकडे अर्ज भरून ठेवा.