मटण सोडायचं नाही, पण जमिनीचंही वाटोळं नको, मग कुठलं घ्यावं?

माझं मत, धनगरांच्या मेंढीचं. दिवाळीनंतर देशावरचे कळप घाट उतरून कोकणात जातात, भात निघालेल्या मोकळ्या रानात रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून मेंढरं बसवतात, आणि सकाळपर्यंत लेंड्या नि मूत थेट मातीत, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. खताची गोणी नको की ट्रॅक्टर नको. दख्खनी मेंढी धसकटं, झाडपाला खाऊन जगते, वेगळा खुराक फारसा लागत नाही. पुण्यात बोल्हाईचं मटण म्हणून मिळतं ते मेंढीचंच (बोल्हाई देवीचे भक्त बकऱ्याचं खात नाहीत). फक्त खाटकाला विचारा, मेंढरू चरणाऱ्या कळपातलं की बंदिस्त गोठ्यातलं. आणि रोज नका हो खाऊ, आमच्याकडे आजीच्या वेळी रविवारीसुद्धा नसायचं, जत्रेलाच काय ते.