स्कूटरचं पॅनल तिसऱ्यांदा तुटलं

प्रश्न : ताई, माझ्या स्कूटरचं पायाजवळचं काळं पॅनल स्क्रूच्या भोकापासून तडकलंय. दोनदा झटपट चिकटणारा गोंद लावला, दोन्ही वेळा आठवडाभरात सुटला. मग २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणलं आणि तडा वरून घासून बुजवला. पहिल्याच खड्ड्यात परत उघडला. नवं पॅनल यायला महिना लागेल म्हणतात. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, तुम्ही तडा वरून लिंपलात. आत तो होता तसाच राहिला. वरचा पापुद्रा जेमतेम नखाएवढा जाड, तो खड्ड्याचा हिसका किती सोसणार?

पण त्याआधीचं काम म्हणजे प्लास्टिक कोणतं ते ओळखणं. पॅनल काढून उलटं करा. आतल्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं असतात, पीपी किंवा एबीएस अशी. रंग न दिलेले काळे भाग बहुधा पीपीचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. रंगवलेले चकचकीत भाग बहुधा एबीएसचे. तुमचं पॅनल काळं आहे आणि गोंदानं दोनदा दगा दिलाय, म्हणून माझा संशय पीपीवर आहे. पीपीवर साधा गोंद धरतच नाही, कमळाच्या पानावरून पाणी ओघळावं तसा तो सुटतो. अक्षरं पुसली असतील तर आतल्या कडेला ॲसिटोनचा एक थेंब लावा. चिकट झालं तर एबीएस, काहीच झालं नाही तर पीपी किंवा त्याचं भावंड पॉलिथिलीन.

माझे वडील सायकलला कोळशाची शेगडी बांधून सांगली-मिरजेच्या गल्ल्यांतून बादल्या, टोपल्या, डबे जोडत फिरायचे. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. बादली हातात आली की ते आधी कडेला नखानं ओरखडा काढायचे. मेणासारखा सहज उठला तर पॉलिथिलीन, नख घसरलं तर पीपी. ही नावं त्यांना ठाऊक नव्हती, ते ‘मऊ’ आणि ‘कडक’ म्हणायचे. मऊला मऊचीच पट्टी लावायची, कडकला कडकची. मी दुकान टाकलं त्या वर्षी घाईत होते. एका मडगार्डला पाण्याच्या जुन्या कॅनची पट्टी कापून लावली. मडगार्ड पीपीचं, कॅन पॉलिथिलीनचा. जोड दिसायला सुरेख झाला. गिऱ्हाइकानं माझ्यासमोर वाकवून पाहिला आणि अख्खी पट्टी केळ्याच्या सालीसारखी निघून आली. वितळून दोन्ही एकत्र दिसतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. तेव्हापासून भरायची पट्टी मी शक्यतो त्याच पॅनलच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेतून कापते. तुम्हीही तसंच करा.

आता काम. आधीचा गोंद पूर्ण खरवडा. तो राहिला तर तापल्यावर डोळे चुरचुरतील आणि जोडही धरणार नाही. तडा जिथे संपतो, त्या टोकाला २-३ मिलिमीटरचं भोक पाडा. हे कुणी करत नाही, आणि म्हणूनच तडा पुढे चालत राहतो. गोल भोकाशी ताण विभागला जातो. मग भेगेच्या दोन्ही कडा चाकूनं तासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा, जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल.

आयर्न बदला. २५ वॅटचं बारीक तारांसाठी ठीक, पॅनलला ते पुरत नाही. ६० वॅटचं घ्या, तापमान कमीजास्त करता येणारं मिळालं तर उत्तम. पीपी साधारण १६५ अंशांना वितळतं, आणि नियंत्रण नसलेल्या आयर्नचं टोक त्याच्या दुपटीच्या वर सहज जातं. मी २५० च्या आसपास सुरू करते आणि आधी मागच्या बाजूला करून बघते. धूर आला, रंग तपकिरी झाला, की प्लास्टिक जळतंय असं समजा. जळलेलं प्लास्टिक भरलं तर जोड ठिसूळ होतो. शिशाची झाळ लावलेलं टोक यासाठी वापरू नका, वेगळं चपटं टोक ठेवा.

पट्टी आणि खाचेच्या दोन्ही कडा एकाच वेळी ओल्यासारख्या चमकल्या पाहिजेत. तेवढा क्षण आला की दाबत, मळल्यासारखं टोक फिरवत पुढे सरका. एकदम सगळं भरू नका, एक इंच भरा आणि थांबा. पुढची बाजू झाली की मागून स्टेनलेसच्या जाळीची पट्टी तापल्या टोकानं आत दाबून बुडवा आणि वरून प्लास्टिकनं झाका. स्क्रूच्या भोकाशी ताण सगळ्यात जास्त असतो, तिथे जाळी हवीच. नंतर पाणी ओतून थंड करू नका. तासभर तसंच ठेवा.

खिडकी उघडी ठेवा. एबीएसचा धूर छातीत बसतो. आणि हात बसला म्हणून घरातल्या पीव्हीसी पाईपवर आयर्न टेकवू नका. त्यातून निघणारा वायू आम्लाचा असतो, घसा सोलून काढतो. पाईपला त्याचं सोल्युशनच लावायचं.

प्रश्न : गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीला तळाजवळ वीतभर उभी भेग पडली आहे. प्लंबर म्हणतो फेकून द्या. जोडता येईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी टाकी काय म्हणते ते बघू. भेगेजवळ चाकूनं तासा. साल पेन्सिलीच्या छिलक्यासारखी वळत निघाली तर प्लास्टिक जिवंत आहे. पांढरी पूड पडली तर आणखी खोल तासा; खालीही पूडच असेल तर उन्हानं ते मेलंय, प्लंबरचं ऐका. तुमच्याकडचं ऊन मला माहीत आहे.

जिवंत असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा आणि आडवी पाडा. या टाक्या पॉलिथिलीनच्या, पीपीपेक्षा कमी उष्णतेला वितळतात, तेव्हा आयर्न जरा मंद ठेवा. कृती वर दिली तीच. पट्टी कुठून आणायची? टाकीला नळ बसवताना प्लंबरनं जो गोल तुकडा कापून काढला होता, तो घरात पडला असेल तर त्याहून चांगलं काही नाही. काही टाक्यांत मधला थर स्पंजासारखा असतो. तो लागला तर आणखी खोल जाऊ नका, बाहेरचाच थर रुंद जोडा. आतून हात पोचत असेल तर दोन्हीकडून जोडा, पण टाकीत शिरून आयर्न चालवायचं नाही. धुरानं आत गुदमरायला होतं.

आणि ती टाकी ठेवली कशावर आहे? दोन विटांवर किंवा उंचसखल कट्ट्यावर असेल तर भेग तिथूनच आली. ५०० लिटर म्हणजे ५०० किलो वजन, तळ सगळा टेकलेला हवा. कट्टा सपाट केल्याशिवाय जोडलात तर शेजारी नवी भेग येईल.

प्रश्न : कुकरचं काळं हँडल तुटलंय. पॅनलसारखं वितळवून जोडता येईल?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही, ताई. ते बेकेलाईट जातीचं. एकदा साच्यात घट्ट झालं की परत वितळत नाही, नुसतं कोळपतं. उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही, तसंच. हँडल बाजारात सुटं मिळतं, कुकर दुकानात नेऊन मापाचं घ्या. आत वाफ कोंडलेली असते, तिथे जुगाड नको.

प्रश्न : मुलीच्या हेल्मेटला पडल्यामुळे केसाएवढा तडा गेलाय. आतून जाळी घालून जोडून देता का? महागाचं आहे.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नाही देणार. माझ्याकडे महिन्यातून एखादं हेल्मेट येतंच, आणि मी सगळी परत करते. कवच मी बेमालूम जोडीन, पण डोकं वाचवतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो एकदा चेपला की परत फुगत नाही, आणि चेपलाय हे बाहेरून दिसतही नाही. जोडलेल्या कवचामुळे तुम्हाला आणि मुलीला उगाच भरवसा वाटेल.

नवं घ्या. आयएस ४१५१ चा आकडा आणि आयएसआयची खूण बघून, मुलीला सोबत नेऊन तिच्या डोक्याच्या मापाचं घ्या. आणि जुन्याचा पट्टा कात्रीनं कापून मगच भंगारात टाका, म्हणजे ते उचलून दुसरं कुणी डोक्यावर घालणार नाही.